जुनी गाडी घेण्याआधी तिची राहिलेली कामं मोज

अनेक आशीर्वाद.

गाडी जवळपास ठरली, भावही बराच खाली आणलास, हे वाचून बरं वाटलं. पण तुझ्या पत्रात सगळा हिशेब गाडी घेण्याचा आहे, पुढची चार-पाच वर्षं ती सांभाळण्याचा नाही. टोकन देण्याआधी तोही व्हावा, म्हणून लगेच लिहितोय.

जुन्या गाडीवर अचानक येणारे मोठे खर्च बरेचदा आधीच्या मालकाने पुढे ढकललेल्या कामांचे असतात. गाडी विकायची ठरली की कोणी मोठं काम काढत नाही. त्यात फसवणूक असेलच असं नाही, पण ते काम गाडीबरोबर तुझ्याकडे येतं. टायमिंग बेल्टचंच घे, म्हणजे इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा. बऱ्याच इंजिनांत तो साधारण ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान बदलायचा असतो. तेवढं अंतर झालं नसलं तरी कंपनीने सांगितलेली वर्षं भरली की बदलायचाच. कव्हरच्या आत असल्यामुळे तो दिसत नाही आणि तुटेपर्यंत गाडी छान चालते. तुटला की अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं. बेल्ट वेळेवर बदलायला लागतो त्याच्या कैक पट हा खर्च. त्यामुळे ‘गाडीला काही काम नाही’ या शब्दावर विसंबू नकोस. बेल्ट कधी बदलला आणि त्याचं बिल आहे का, हे विचार. बिल नसेल तर बदललेला नाही असं धर आणि तो खर्च किमतीत मिळव. बेल्टऐवजी चेन असलेल्या इंजिनाला ही धास्ती कमी, पण तिथेही ऑइल वेळेवर बदललेलं हवं.

किलोमीटरच्या कमी रीडिंगवर भाळू नकोस. गाडी उभी असली तरी रबर कडक होतं, होज पाइपना तडे जातात, सील गळू लागतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा धरतं, मग घाट उतरताना ब्रेक तापले की ते लवकर उकळतं आणि पेडल पोकळ लागतं. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायचं. टायरच्या बाजूवर तारखेचे चार आकडे असतात, ते वाच. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यातला टायर. नक्षी भरपूर दिसली तरी जुना टायर जुनाच. हेच आकडे रीडिंगही तपासतात: गाडी चार वर्षांची, रीडिंग २० हजार आणि चारही टायर गेल्या वर्षीचे, तर पहिले टायर कुठे झिजले? क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, तेही बघ.

आता त्या दुसऱ्या, मोठ्या गाडीबद्दल, जी तुला ‘त्याच पैशांत’ मिळतेय. ती घेऊ नयेस असं माझं स्पष्ट मत आहे. महागड्या गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, तिच्या स्पेअर पार्टची उतरत नाही. एअर सस्पेन्शन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टर्बो यांतलं एक जरी गेलं तरी बिल नव्या महागड्या गाडीचंच येतं. साधी, रस्त्यावर सर्रास दिसणारी गाडी घे, जिचे पार्ट सहज मिळतात आणि जी कोणताही बरा मेकॅनिक उघडू शकतो.

किमतीतून वाचतील ते सगळे पैसे सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीमवर घालवू नकोस. पहिल्याच महिन्यात ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि फिल्टर बदलून घे, आणि त्या दिवसाचं रीडिंग लिहून ठेव. नंतर नवी गाडी घेतली असतीस तर जो हप्ता बसला असता, त्यातला काही भाग दरमहा वेगळा काढ. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, क्लच प्लेट, बॅटरी, टायर हे खर्च कधी ना कधी येणारच आहेत. पैसे बाजूला असले की काम वेळेवर होतं, आणि वेळेवर झालेलं काम स्वस्त पडतं.

रविवारी बघायला जाशील तेव्हा इंजिन आधी सुरू करून ठेवू नका, असं मालकाला सांग. थंड इंजिन सुरू होताना निळसर धूर आला तर ते ऑइल जाळतंय. मालकाच्या ओळखीचा नसलेला मेकॅनिक सोबत ने, गाडी लिफ्टवर चढवून खालून दाखव आणि कामांची यादी खर्चासकट लिहून घे. चासीला गंज धरला असेल तर तिथूनच परत ये. नसेल तर ती यादी मला पाठव, मग किमतीचं बोलू.