बायकोला घरात साप नको आहे, तिला कसं पटवू?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. माझा एक सहकारी कायमचा कॅनडाला चालला आहे आणि त्याने पाळलेला कॉर्न स्नेक मला द्यायला तयार आहे. साप पाच वर्षांचा, चारेक फुटांचा, स्वभावाने शांत. सोबत काचेची पेटी, हीटर, सगळं सामान. शाळेत असल्यापासून मला सापांचं वेड. तेव्हा आईने ऐकलं नाही, आता बायको ऐकत नाही. ती संगमेश्वर तालुक्यातली. तिच्या मामांना मण्यार चावली आणि ते गेले. साप बिनविषारी आहे हे मी तिला कितीदा तरी सांगितलं, व्हिडिओ दाखवले. 'साप आला तर मी मुलीला घेऊन वेगळी राहीन' इथवर बोलणं गेलं. मुलगी दोन वर्षांची आहे. सहकारी म्हणतो, घेऊन तर जा, महिन्याभरात तिला सवय होईल. काय करू?
– एक वाचक, लीड्स

उत्तर : सहकाऱ्याचं मुळीच ऐकू नका. न विचारता साप घरात आणलात तर तिची भीती जाणार नाहीच, वर तुमच्यावरचा विश्वास जाईल.

साप मला मनापासून आवडतात. परळला पशुवैद्यकाचं शिक्षण घेतल्यावर मी यॉर्कशरमध्ये बरीच वर्षं प्रॅक्टिस केली. कॉर्न स्नेक तिथे नेहमी यायचे. अमेरिकेच्या आग्नेय भागातला हा साप. अंगावर तांबूस-केशरी डाग, पोटावर काळे-पांढरे चौकोन. विष नाही. उंदराला वेटोळ्यात आवळून मारतो. माणसाला चावलाच तर ओरखडे उठतात, एवढंच. नवख्या माणसाने पाळायला याच्यासारखा साप नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

पण तुम्ही तिला सापाबद्दल सांगताय आणि ती तुम्हाला मामांबद्दल सांगतेय. मण्यार रात्री फिरते. तिचे दात बारीक, चावल्याची जागा फारशी सुजत नाही, दुखत नाही. जमिनीवर अंथरूण घालून झोपलेल्या माणसाला कित्येकदा कळतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटायला लागतात, मग श्वास अडतो. ज्या घराने हे पाहिलंय, तिथल्या मुलीला अंथरूण झटकून झोपायची सवय असते आणि ती सवय लीड्सला आल्यावरही सुटत नाही. इंग्लंडमध्ये ॲडर हा एकच विषारी साप आहे आणि त्याच्या दंशाने ब्रिटनमध्ये १९७५ नंतर कोणी दगावलेलं नाही. ही माहिती खरी असली तरी तिच्या भीतीला ती पुरणार नाही. त्यामुळे व्हिडिओ दाखवणं आता थांबवा.

अजून एक. 'नागपंचमीला पाटावर नाग काढून पूजा करतेस, मग याला का घाबरतेस?' असं कृपा करून म्हणू नका. त्या दिवशी आपल्याकडे चिरत नाहीत, तळत नाहीत, जमीन खणत नाहीत. त्यात भक्ती आहे तशी भीतीही आहे, आणि 'तू तुझ्या जागी राहा, आम्ही आमच्या' हे मागणंही आहे. ती तेच मागते आहे.

आता मुलीबद्दल. माझ्या दृष्टीने खरा मुद्दा हाच आहे. साप अगदी निरोगी असला तरी त्याच्या विष्ठेत साल्मोनेलाचे, म्हणजे जुलाब आणि ताप आणणारे, जंतू असू शकतात. ते त्याच्या अंगावर, पेटीत, पाण्याच्या भांड्यात पसरतात. म्हणूनच पाच वर्षांखालची मुलं असलेल्या घरात सरपटणारे प्राणी पाळू नयेत, असं ब्रिटनमधली आरोग्य यंत्रणा सांगते. सापाला खायला आणलेल्या गोठवलेल्या उंदरांतूनही तिथे माणसांना लागण झालेली आहे. दोन वर्षांचं मूल दिसेल त्याला हात लावतं आणि तोच हात तोंडात घालतं. 'आम्ही हात धुऊ' हे तुमचं झालं, तिचं काय? तेव्हा माझं उत्तर स्पष्ट आहे : हा साप घेऊ नका. बायको उद्या हो म्हणाली तरी घेऊ नका. मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत हा विषय बाजूला ठेवा आणि हे बायकोला स्वतःहून सांगा.

नाइलाजाने दिलेल्या होकाराचं काय होतं, तेही सांगते. एक जोडपं माझ्याकडे कॉर्न स्नेक घेऊन आलं होतं. साप नवऱ्याचा. बायकोने रोजच्या वादाला कंटाळून 'आण बाबा' म्हटलेलं. पण बसायच्या खोलीत तिला तो सहन होईना, म्हणून पेटी गॅरेजमध्ये गेली. नवरा पंधरवडाभर कामासाठी बाहेरगावी असताना हीटर बंद पडला. तिला त्या दाराजवळ जायचीही हिंमत नव्हती, मग बघणार कोण? सापाला पेटीच्या एका टोकाला २८ ते ३० अंश सेल्सिअस ऊब लागते. त्याने ते दिवस यॉर्कशरच्या थंडीत काढले. माझ्या टेबलावर आला तेव्हा डोकं वर करून, तोंड उघडं ठेवून श्वास घेत होता, तोंडाशी बुडबुडे. फुप्फुसाचा संसर्ग झाला होता. ती बाई कोपऱ्यात उभी राहून रडत होती. त्या प्राण्याच्या हालांचं ओझं, ज्या माणसाला तो कधी नकोच होता त्याच्यावर पडलं, याचं मला फार वाईट वाटलं. साप वीस वर्षंही जगतो. घरातल्या दोन्ही मोठ्या माणसांना त्याची पेटी उघडता यायला हवी, नाहीतर त्या घरात साप नसावा.

तीन वर्षांनी विषय काढाल तेव्हा पटवायला म्हणून बसू नका. नक्की काय नको आहे, ते विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. बहुतेक ती निसटण्याबद्दल बोलेल. कॉर्न स्नेक निसटण्यात खरोखर पटाईत असतो, बोटभर फटही त्याला पुरते. सरकत्या काचेला कुलूप लागतं आणि किल्ली तिच्याकडेही हवी. मग उंदीर. मोदकांसाठी आणलेलं खोबरं ज्या फ्रीझरमध्ये ठेवता, तिथे मेलेले उंदीर ठेवायचे नाहीत. वेगळा लहान फ्रीझर घ्या, उंदीर स्वयंपाकघराबाहेर वितळवा, चिमटाही वेगळा ठेवा. तो खर्च जड वाटत असेल तर सापही परवडणार नाही.

साप बघायचाच झाला तर दुसऱ्याच्या घरी, बंद काचेआड. किती लांब उभं राहायचं आणि कधी निघायचं, हे तिने ठरवायचं. ती दारातूनच परत फिरली तर तुम्हीही तिच्याबरोबर निघा. आणि तेव्हाही नाही म्हणाली, तर नाही. तुम्ही सापांच्या बचाव केंद्रात स्वयंसेवक म्हणून जा, हाताळणी शिका. काम झाल्यावर हात धुऊन, कपडे बदलून मगच मुलीला उचला.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी : आपल्याकडचे साप घरात पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, धामणही त्यात आली. घरात साप निघाला तर वनविभागाला १९२६ वर फोन करा.

तुमच्या सहकाऱ्याला आजच नकार कळवा, म्हणजे निघण्याआधी त्याला दुसरं घर शोधता येईल. साप शेवटचा कधी जेवला, कात कधी टाकली, थर्मोस्टॅट किती अंशांवर ठेवला आहे, हे त्याने लिहून नव्या माणसाला द्यावं. कोणी मिळालंच नाही तर बचाव केंद्राशी बोलावं. सापाला कुठल्याही कारणाने रानात सोडू नये. तिथे तो थंडीने मरेल, आणि परदेशी प्राणी मोकळा सोडणं ब्रिटनमध्ये १९८१च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.