एकही पदक नसलेली वही

“ताई, तीन वर्षं झाली. रोज पहाटे पाचला उठतो, त्याच्यासोबत मीही उठते. पण बक्षीस समारंभात त्याचं नाव एकदाही पुकारलं जात नाही. बंद करू का हे धावणं?”

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत, शाळांची स्नेहसंमेलनं झाली की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. या आई नाशिकच्या सिडकोतून आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा नववीत, ८०० मीटर धावणारा. महिन्याभरापासून सकाळी त्याचं पोट दुखायचं. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं.

मुलगा माझ्यासमोर बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मी नसलो तरी सरांना कळणार नाही.”

पदक मिळत नाही, हे त्याचं दुःख नव्हतंच. आपण दिसतच नाही, हे होतं.

वडील सातपूरच्या कंपनीत काम करणारे, सरळ माणूस. ते म्हणाले, “मॅडम, उगाच सगळ्यांना बक्षिसं वाटायची का? मग जिंकण्याला काय अर्थ?” त्यांचं अर्धं म्हणणं मला पटतं. आईने मेन रोडवरून एक ट्रॉफी आणून दिली होती. मुलाने ती पलंगाखाली सरकवली. “विकत आणलीये,” एवढंच बोलला. खोटं कौतुक मुलांना लगेच ओळखू येतं.

वडील मूळचे चांदवड तालुक्यातले. मी त्यांना दत्तू भोकनळची आठवण करून दिली. तळेगाव रोहीचा हा मुलगा २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात तेरावा आला. पदक नव्हतं, तरी नाशिककरांची मान ताठ झाली. कारण विहिरी खणणारा मुलगा कुठून कुठे पोहोचला, ते आपल्याला माहीत होतं. वडील काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “याचं कुठून कुठे गेलंय, ते मला ठाऊकच नाही.”

मी मुलाला सरावाची वही आणायला सांगितली. शंभर पानी वही, घामाने कडा फुगलेल्या. पहिली नोंद जूनमधली, वेळ २ मिनिटं ४९ सेकंद. ताजी नोंद २ मिनिटं ३४. पंधरा सेकंद! आणि अख्ख्या वर्षात चुकलेले दिवस सहा.

त्याच्या गटातली बरीच मुलं त्याच्यापेक्षा हातभर उंच होती. मुलांची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, पण कुणाचा बाराव्या वर्षी, कुणाचा पार सोळाव्या. सतरा वर्षांखालच्या गटात ही सगळी एकाच रेषेवर उभी राहतात. उशिरा वाढणाऱ्या मुलाची मेहनत निकालात मावत नाही. म्हणून ती कुणीतरी वेगळी मोजावी लागते, आणि हे मी अगदी आग्रहाने सांगते.

क्रीडाशिक्षकांना भेटले. एकट्यावर शंभराहून जास्त मुलं. वही पाहून ते खरोखर ओशाळले. मी त्यांना कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्यूलर या मानसशास्त्रज्ञांचा १९९८ चा प्रयोग सांगितला. ज्या मुलांना ‘हुशार आहेस’ म्हटलं, ती अवघड कोडी समोर आल्यावर लवकर खचली. ज्यांना ‘मेहनत केलीस’ म्हटलं, ती चिकटून राहिली. सर म्हणाले, “म्हणजे जिंकणाऱ्यांनाही मी चुकीचंच सांगतोय. ‘तू जन्मजात धावपटू आहेस’ म्हणतो.” ही गोष्ट मलाही सुचली नव्हती.

आम्ही ट्रॉफी ठरवली नाही. पुढच्या सोमवारी परिपाठात सरांनी फक्त तीन ओळी वाचल्या: जूनमधली वेळ, आताची वेळ, चुकलेले सहा दिवस. नंतर त्यांनी कबूल केलं की वाचताना त्यांचाच आवाज भरून आला होता. टाळ्या थोड्याच पडल्या. पण मधल्या सुट्टीत सहावीतला एक मुलगा याच्याकडे आला आणि विचारू लागला, “दादा, दम कसा पुरवायचा?”

पोटदुखी लगेच थांबली नाही. तीन आठवडे गेले. एक सकाळ आईने उठवलं नाही, तरी तो बूट घालून दाराशी उभा होता.

पुढच्या वर्षी जिल्हा स्पर्धेत तो अंतिम फेरीत पोहोचला नाही. संध्याकाळी त्याने वही घेऊन मला गाठलं. वेळ होती २ मिनिटं २९. खाली सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘शेवटच्या दोनशेत आज मान टाकली नाहीस.’ आणि त्याखाली वडिलांची सही.