दाढ काढल्यावर लाक्षादि गुग्गुळ, कांडवेल वगैरे: माझा अनुभव

ताई, तुम्ही लिहिलंय की खालची दाढ काढून चार दिवस झालेत, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय आणि सासूबाई म्हणतायत कांडवेलीची (हाडांसाठी वापरतात ती औषधी वेल) पावडर त्या खड्ड्यात भर, हाड लवकर भरतं. प्लीज भरू नका. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

माझी चूक अशी की दाढ काढली त्याच संध्याकाळी मी हळद-मिठाच्या पाण्याने खळखळून चुळा भरल्या, वर तिळाच्या तेलाचा गंडूष पण केला, म्हणजे तेल तोंडात भरून धरलं, म्हटलं आपलं घरगुती आहे, काय होणारे. झालं असं की खड्ड्यात रक्ताची जी गुठळी धरते तीच निघून गेली, आणि नवीन हाड त्या गुठळीच्या आधारानेच धरत जातं, ती गेली की खालचं हाड उघडं पडतं, याला ड्राय सॉकेट म्हणतात. तिसऱ्या दिवशी ठणका पार कानापर्यंत, तोंडाला घाण वास. शनिवारी दुपारी क्लिनिकला फोन केला तर रिसेप्शनवरून उत्तर, "दाढ काढलीये म्हणजे दुखणारच, सोमवारी या." डॉक्टरांना विचारलं सुद्धा नाही हो! दोन रात्री कोथरूडच्या घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या, त्याचा राग मला अजून आहे. सोमवारी खड्डा धुऊन लवंगेच्या अर्काचं, म्हणजे युजेनॉलचं ड्रेसिंग ठेवलं आणि अर्ध्या तासात जिवात जीव आला.

आता औषधांचं. कांडवेल म्हणजेच हाडसांधी, ती थोतांड मुळीच नाही, बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. उडुपांनी १९६० च्या दशकात प्राण्यांच्या मोडलेल्या हाडांवर तिचा अभ्यास केलाय. लाक्षादि गुग्गुळ या आयुर्वेदिक औषधात लाख, हाडसांधी, अर्जुन, अश्वगंधा, नागबला नि गुग्गुळ असतो. मी सदाशिव पेठेतल्या वैद्यांना दाखवून, डेंटिस्टना सांगून तो तीन महिने घेतला, एक्सरेत हाड छान भरलेलं दिसलं. पण तसंही ते तीन-चार महिन्यांत बऱ्यापैकी भरतंच, त्यामुळे श्रेय गुग्गुळाला किती ते मी छातीठोक सांगणार नाही. माझं मत विचाराल तर ही औषधं पोटातून घ्यायची, जखमेत कोंबायची नाहीत. कांडवेल कच्ची तर तोंडाला लावूच नका, भयंकर खाजते.

आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर गुग्गुळ परस्पर सुरू करू नका. घरात कुणाला हाडं ठिसूळ म्हणून वर्षातून एकदा इंजेक्शन देत असतील तर त्यांनी दाढ काढायच्या आधीच ते डेंटिस्टना सांगायला हवं, त्या औषधांनी जबड्याचं हाड भरायला फार त्रास होऊ शकतो.

तुम्ही मात्र आजच फोन करा, "चौथा दिवस आहे, ठणका वाढतोय" असं स्पष्ट सांगा आणि डॉक्टरांशीच बोलायचंय म्हणा. सोमवारी या म्हणाले तर ऐकू नका, सरळ दुसरीकडे दाखवा.