‘रिपोर्ट चुकला तर?’

मी समुपदेशक आहे. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी माणसं माझ्याकडे येतात तेव्हा बोलणं झोपेपासून सुरू होतं, नाहीतर अ‍ॅसिडिटीपासून. खरं वाक्य बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बाहेर येतं: ‘माझ्या हातून रिपोर्ट चुकला तर?’ हे इतक्यांदा ऐकलंय, की एकीबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

या ताई अकरा वर्षं टेक्निशियन. एका रात्रपाळीत एका पेशंटचं पोटॅशियम 8.4 आलं. एवढं पोटॅशियम म्हणजे हृदय कधीही बंद पडू शकतं. त्यांनी लगेच वॉर्डला फोन केला. तिथे धावपळ झाली, पण ईसीजी नॉर्मल आणि पेशंट गप्पा मारत बसलेला. दुसरं सँपल लावलं, पोटॅशियम 4.2. वॉर्डमध्ये कुणीतरी जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलं होतं. जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं ईडीटीए हे रसायन असतं. त्याच्यासोबत पोटॅशियम असतं आणि ईडीटीए रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं. म्हणून पोटॅशियम खोटं वाढतं, कॅल्शियम खोटं घसरतं. त्याच रिपोर्टात खाली कॅल्शियम अशक्य वाटावं इतकं कमी दिसत होतं. ताईंनी ते पाहिलं नव्हतं.

सकाळी सगळ्यांसमोर बोलणी बसली, मेमो मिळाला. तेव्हापासून त्या एकेक रिपोर्ट चार-चार वेळा तपासत. घरी गेल्यावर लॅबमध्ये फोन करून ‘तो अमुक नंबर बघ ना एकदा’ म्हणत.

पहिल्या भेटीत मी म्हटलं, ‘पेशंटला काही झालं नाही ना?’

‘आता झालं नाही, मॅडम. पुढच्या वेळी होईल.’

तिथे मी चुकले होते. जबाबदार माणसाची भीती दिलाशाने जात नाही. दिलाशाला तो लगेच ‘पण’ लावतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॉ. अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती मी वर्षानुवर्षं वापरते आणि तिच्यावर माझा विश्वास आहे. ‘चूक होऊ नये’ ही इच्छा आहे आणि ती चांगली आहे. ‘चूक होताच कामा नये’ ही सक्ती आहे. माणसाला आजारी पाडते ती सक्ती. पण हे मी सांगून उपयोग नव्हता, ते त्यांच्याच कामातून वर यायला हवं होतं.

चौथ्या भेटीत मी विचारलं, ‘मशीनवर सकाळी पहिलं काय करता?’

‘कंट्रोल लावते.’

‘म्हणजे काय? मला काढून दाखवा.’

‘ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं असं सँपल,’ म्हणत त्यांनी कागद ओढला. मध्ये सरासरीची रेघ, वर-खाली एक, दोन, तीन एसडीच्या (आकडे सरासरीपासून साधारण किती हलतात त्या मापाच्या) रेघा, मग रोजच्या आकड्यांचे ठिपके. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी 1950मध्ये लॅबमध्ये आणलेला हाच तक्ता. काढताना त्यांचा आवाज बदलला. इतका वेळ समोर घाबरलेली बाई होती, आता जाणकार बसली होती.

‘ठिपका रोज मधल्या रेघेवर पडतो?’

‘कसा पडेल? वर-खाली होणारच. वीसातला एखादा दोन एसडीबाहेर जातोच.’

‘आणि महिनाभर सगळे बरोब्बर रेघेवर आले तर?’

‘तर आकडे कुणीतरी मनाने भरलेत,’ त्या पटकन म्हणाल्या.

‘तीनच्या बाहेर गेला तर मशीन भंगारात देता?’

‘छे हो! रिपोर्ट थांबवायचे, कारण शोधायचं, दुरुस्त करायचं, परत कंट्रोल लावायचा. आणि रजिस्टरमध्ये लिहायचं.’

मी गप्प राहिले. त्यांचं पेन शेवटच्या ठिपक्यावर तसंच टेकलेलं होतं, शाई पसरून डाग मोठा होत चालला होता. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, ‘त्या रात्रीचं मी काहीच लिहिलं नाही. नुसती स्वतःला बोलत बसले.’

या वाक्यासाठी मी चार भेटी थांबले होते आणि थांबले याचं मला समाधान आहे. अकरा वर्षं मशीनला जो न्याय दिला, तो त्यांनी स्वतःला कधी दिलाच नव्हता.

ती नोंद त्यांनी माझ्यासमोर लिहिली. काय झालं: कॅल्शियम पाहिलं नाही. कारण: रात्री एकटी, दोन मशीन, फोन सतत वाजता. दुरुस्ती: पोटॅशियम वाढलेलं दिसलं की सँपल हिमोलाइज्ड (लाल पेशी फुटलेलं) आहे का आणि कॅल्शियम किती, हे पाहायचं, मग विनाविलंब फोन. आकडा समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचा. तपासणी एकदाच, ठरल्या क्रमाने. एकदा तपासून सोडलेला रिपोर्ट निव्वळ धाकधूक होते म्हणून पुन्हा उघडायचा नाही.

हे शेवटचं फार जड जातं, आणि तुमच्यापैकी जे यातून जाताय त्यांना तेच सांगायचंय. परत तपासलं की पाच मिनिटं बरं वाटतं, म्हणूनच सवय लागते. घरून फोन करावासा वाटला तर अर्धा तास थांबा. अस्वस्थता चढते आणि आपोआप उतरते, हे एकदा अनुभवावं लागतं. तपासण्यात रोज तास-दोन तास जात असतील, तेच चक्र घरातही सुरू असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, लांबवू नका.

आणि सगळं स्वतःवर ओढून घेऊ नका. लॅबच्या नावावर जाणाऱ्या बहुतेक चुका सँपल मशीनवर चढण्याआधीच होतात: लेबल, ट्यूब, रक्त काढण्याची पद्धत. रात्री एकाच माणसावर दोघांचं काम असेल तर समुपदेशनाने माणूस वाढत नाही. ते वरिष्ठांना लेखी कळवा. ताईंनी कळवलं. रात्रीला दुसरा माणूस अजून मिळालेला नाही, पण वॉर्डच्या सिस्टरांना रक्त कुठल्या ट्यूबमध्ये आधी घ्यायचं तो क्रम शिकवणारा एक तास मिळाला आणि तो त्यांनीच घेतला.

शेवटच्या भेटीत त्यांनी सांगितलं, परवा रात्री पुन्हा पोटॅशियम 7.6 आलं. सँपल स्वच्छ, कॅल्शियम ठीक. त्यांनी फोन केला, आकडा परत म्हणवून घेतला. या वेळी तो खरा होता.

‘घरी आल्यावर मोबाईल हातात घेतला होता,’ त्या म्हणाल्या. ‘मग ठेवला.’