रबर बदल, लोखंड राहू दे

अगं,

तुझा मेसेज वाचला. तीन लिंका, तिन्ही सायकली कार्बनच्या, आणि खाली प्रश्न: कॉलेजात चालवायचे ती बाबांची दहा गिअरची माळ्यावरून काढू, की यातली एक घेऊ? पहाटे उठणं, व्यायाम, मोकळी हवा हे मी सांगत बसणार नाही. ते तुला माहीत आहे, म्हणून तर परत यावंसं वाटतंय. तुला चालवायची धास्ती वाटतेय आणि ती तू खरेदी करून घालवायला बघतेस, एवढाच घोळ आहे.

रबर बदल. लोखंडाला हात लावू नकोस.

पुढचं चाक धरणारा चिमटा वाकलेला नसेल, सांध्यांपाशी तडा नसेल, तर पोलादी फ्रेमला माळ्यावर सहसा काही होत नाही. खराब होतं ते रबर. टायरच्या बाजूंना बारीक चिरा पडतात, ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशी सुटते, ब्रेकचे रबर कडक होऊन ओल्या रिमवर नुसते सरकतात. तेव्हा ब्रेकचे चार रबर, दोन टायर, दोन ट्यूब, ब्रेक-गिअरच्या आतल्या वायरी. मग गल्लीतल्या दुकानात ओव्हरऑइलिंग: ग्रीस सुकलेलं असणार, छर्रे धुऊन नवं भरायला सांग, चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून घे. संपलं.

टायर घेताना मात्र डोळे उघडे ठेव. तुझ्या सायकलला बहुतेक 27 × 1¼ असेल. दुकानदार 28 × 1½ पुढे करेल, तो दूधवाल्याच्या सायकलचा. ऑनलाइन जिकडेतिकडे 700सी दिसेल. ऐकायला तिन्ही सारखे, पण एकाचा दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. टायरच्या कडेला बारीक आकड्यांत रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये छापलेला असतो: अनुक्रमे 630, 635, 622. तोच बघायचा, बाकी सगळी बडबड. आणि गंमत बघ, 1¼ इंच म्हणजे 32 मिलिमीटर. मधली कित्येक वर्षं सगळे 23च्या अरुंद टायरमागे धावले; आता महागड्या सायकली पुन्हा 28 नि 32वर आल्यात. आपल्या खड्ड्यांतून जाणाऱ्याला हे कधीच कळलं होतं, पण विचारतो कोण?

वजनाचं म्हणशील. तू 58 किलो धरू, रागावू नकोस. जुनी सायकल 12, मिळून 70. नवी 8 किलोची घेतलीस तर 66. तासाभराच्या चढाला तीन-साडेतीन मिनिटं वाचतील. त्यासाठी एवढे पैसे?

जुन्या सायकलची खरी अडचण गिअरची आहे, तीही सांगतो. पुढे 42 दाते, मागे सगळ्यात मोठी चकती 28ची: पेडलच्या एका फेऱ्यात चाक दीड वेळा फिरतं. आताच्या सायकलींत 34ला 34 मिळतं, एकास एक, तेवढा चढ हलका. म्हणून बोपदेव घाट इतक्यात नको आणि सिंहगडाचा चढ तर नकोच. आधी खडकवासला, मिनिटाला ऐंशीएक फेरे हलके फिरवत. मग कात्रजचा जुना घाट. दम लवकर परत येतो, गुडघ्यांना वेळ लागतो. दमाच्या भरवशावर चढलीस की गुडघा धरतोच. उतरून चालावं लागलं तर चाल, लाज कसली?

ग्रुपमधली पोरं मलाही म्हणतात, काका, आता तरी बदला. माझे गिअरचे खटके अजून खालच्या दांडीवर आहेत, हँडलवरचा हात काढल्याशिवाय गिअर पडत नाही. मी नाही बदलणार. हट्ट आहे, असू दे. सायकलचं काय दुखतंय ते मला आवाजावरून कळतं आणि पाना-पक्कड घेऊन रस्त्याकडेला बसलं की नीट होतं. त्यांचे गिअर बॅटरीवर चालतात; ती संपली की गिअर तिथंच अडकतो. चढावर ती पुढे जातात, खरं आहे. पण ती तिशीतली आहेत, हे कुणी धरत नाही.

माझीही मध्ये बरीच वर्षं गेली. नोकरी, बदल्या, घरातली आजारपणं. कारणं सगळी खरी होती. तरी त्या वर्षांचा राग जात नाही. तू ‘बोनस आला की नवी घेऊन सुरू करते’ लिहिलंस, तेव्हा तो तुझ्यावर निघाला असेल. निघू दे. बोनसनंतर पावसाळा येईल, मग दिवाळी, मग कुणाचं तरी लग्न.

रबर बदल आणि चालव. एक पावसाळा हिच्यावर काढ, मग नवी घ्यायची तर खुशाल घे. तोवर काय घ्यायचं ते मला विचारावं लागणार नाही. तू म्हणतेस ती 200 किलोमीटरची ब्रेव्हे, ठरल्या वेळेत संपवायची लांबची राइड? तिला साडेतेरा तास असतात. ताशी 15सुद्धा होत नाहीत. तेवढं या लोखंडावर सहज होतं.

सीट तुझ्या उंचीला लावून घे. गुडघा पुढून दुखला तर ती खाली आहे, मागून दुखला तर वर. बूड काही दिवस दुखेलच, त्यासाठी फोन करू नकोस.