विचारा काकांना : लेस्टरहून आलेला अलार्म आणि बाथरूममधला गिझर

(या सदरात घरातल्या सुरक्षेबद्दलच्या प्रश्नांना कुपवाडच्या एका फाउंड्रीत सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरी केलेले काका उत्तरं देतात.)

प्रश्न : थोरला मुलगा इंग्लंडात लेस्टरला असतो. त्यानं कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पाठवलाय. आमचा गॅस गिझर बाथरूममध्येच आहे. बाथरूम पाच बाय सात, खिडकी आहे पण थंडीत बंदच असते. अलार्म आत गिझरशेजारी लावू की बाहेर पॅसेजमध्ये? घरात आम्ही दोघं, धाकटा मुलगा, सून आणि शाळेत जाणारा नातू.
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : वहिनी, आतही नको आणि बाहेरही नको. आधी गिझर बाथरूममधून काढा, मग अलार्मचं बघू.

मुलानं पाठवला हे चांगलंच केलं. इंग्लंडात १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात ज्या खोलीत गॅसचा बॉयलर असेल तिथं हा अलार्म लावणं घरमालकावर बंधनकारक आहे. पण तिकडच्या बॉयलरचा जळका वायू नळीवाटे भिंतीबाहेर जातो. नळीत किंवा बॉयलरमध्ये काही बिघडलं तर कळावं, म्हणून अलार्म. आपल्याकडचा छोटा गिझर तो वायू अंघोळ करणाऱ्याच्या डोक्यावरच सोडतो. त्यासाठी काही बिघडावं लागत नाही.

हिशेब करून बघा. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण १३ घनमीटर हवा लागते. सहा लिटरचा गिझर पूर्ण जोरात चालला की तासाला किलोच्या आसपास गॅस खातो. तुमच्या बाथरूमचं छत नऊ फुटांवर धरलं तरी आतली हवा ९ घनमीटरसुद्धा भरत नाही, आणि त्यातच माणसानंही श्वास घ्यायचा. प्राणवायू कमी पडायला लागला की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी पायातलं बळ जातं, त्यामुळं धोका कळला तरी माणसाला उठून कडी काढता येत नाही.

आता अलार्म. त्याच्या पाठीवर ईएन ५०२९१ असं युरोपातल्या मानकाचं नाव छापलेलं असेल. त्या मानकाप्रमाणे हवेच्या दहा लाख भागांत हा वायू ५० भाग असेल तर अलार्म ६० ते ९० मिनिटांनी वाजतो, १०० भागांना १० ते ४० मिनिटांत, ३०० भागांना ३ मिनिटांच्या आत. वायू रक्तात हळूहळू साठतो म्हणून ही वेळ ठरवलेली आहे, त्यात खोट काही नाही. पण बाथरूमच्या वाफेनं सेन्सर खराब होतो, आणि बाहेर पॅसेजमध्ये लावला तर बंद दाराआड काय चाललंय ते त्याला कळणार नाही.

गिझर मागच्या बोळातल्या भिंतीवर घ्या, वर पत्र्याचं छोटं छप्पर, आणि त्याच्या डोक्यावर कुणाच्या झोपायच्या खोलीची खिडकी नको. गरम पाणी यायच्या आधी दोन-चार तांबे गार पाणी येईल, ते तुळशीला घाला. प्लंबर म्हणेल, "काकू, एक्झॉस्ट बसवू, काम होतंय." ऐकू नका. दार-खिडकी गच्च असेल तर पंखा ओढणार कुठली हवा? आणि लाईट गेली की पंखा बंद, गिझर मात्र सेलवर चालूच. काम होईपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, दार-खिडकी थोडा वेळ तशीच राहू द्या, मग अंघोळीला जा. नातवाला तर हे पाठच करून घ्या.

एवढं झालं की अलार्म झोपायच्या खोलीत उशीच्या उंचीला लावा, पडद्याआड नको. बटण दाबून जो आवाज येतो तो फक्त सेल आणि भोंगा ठीक असल्याचा. सेन्सरला वयोमर्यादा असते, त्याची तारीख अलार्मवरच असते. ती उलटली की तो निकामी समजा.

प्रश्न : पत्नी बाळंतीण आहे. आई रोज बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून, ओवा टाकून मायलेकरांना शेक देते. वारा लागू नये म्हणून खोली बंद. शेक झाला की पत्नीचं डोकं ठणकतं, मळमळतं. अंगणात बसली की बरं वाटतं. आई म्हणते अशक्तपणा आहे.
— एक वाचक, आटपाडी

उत्तर : दादा, शेगडी आजच बाहेर काढा आणि दोघांना दवाखान्यात न्या. बाळालाही, कारण बाळाचा श्वास आपल्यापेक्षा जलद असतो. डॉक्टरांना "बंद खोलीत कोळशाची शेगडी असते" हे वाक्य आपणहून सांगा. ते सांगितलं नाही तर डोकेदुखीची गोळी घेऊन परत याल. ताप नाही, बाहेर आलं की बरं वाटतं, ही या वायूची ठळक खूण.

आईंना वाटतं धूर नाही म्हणजे निखारा स्वच्छ. लालबुंद निखाऱ्यावर कधी फिकट निळी ज्योत थरथरताना दिसते ना, ती याच वायूची. आमच्या फाउंड्रीत लोखंड वितळवायच्या क्युपोला भट्टीला माल घालायच्या दाराशी हीच ज्योत हातभर उंच नाचायची. वर चढणारी माणसं कधी एकटी जात नसत, आणि ती जागा चहूबाजूंनी मोकळी होती. तुमच्या खोलीला तर वाराच नाही.

शेक बंद करा असं मी म्हणत नाही, आईंशी भांडूही नका. शेगडी अंगणात पेटवा, तिच्यावर तवा ठेवून फडकं गरम करा आणि ते आत नेऊन शेका. ओव्याची पुरचुंडीही तशीच तापते. उबेला पांघरूण आहेच.

प्रश्न : कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर घरात आहे. गॅस लागलाय का ते त्यावर कळेल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : नाही. हा वायू चिकटलेलं रक्तही लालभडक असतं आणि साधं ऑक्सिमीटर फसतं. माणूस बेशुद्धीच्या वाटेवर असताना ९८ दाखवेल. खरा आकडा दवाखान्यातल्या रक्ताच्या तपासणीतच कळतो. त्याला उघड्यावर आणा, १०८ ला फोन करा. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कनं शुद्ध प्राणवायू दिला की तास-दीड तासात होतो. आणि आत जाणाऱ्यानं आधी दार-खिडक्या सताड उघडाव्यात, नाहीतर दोघांना उचलावं लागेल.

प्रश्न : स्वयंपाकघरात सिलिंडरची गळती ओळखणारा अलार्म आहे. तोच कार्बन मोनॉक्साइडलाही चालेल का?
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : डबीवर दोन्ही वायूंची नावं असतील तरच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तळाशी साठतो, म्हणून त्याचा अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर. कार्बन मोनॉक्साइड हवेत सगळीकडे मिसळतो, त्याला ती जागा उपयोगाची नाही. एलपीजीला मुद्दाम घाण वास दिलेला असतो. तो वास आला की बटणं दाबू नका, रेग्युलेटर बंद करा, बाहेर या आणि १९०६ ला फोन लावा.