ईमॅक्सक्लायंटचे पर्याय लिहिताना

ईमॅक्सक्लायंट हा आधीच चालू असलेल्या ईमॅक्स या एडिटरमध्ये फाइल उघडून देणारा छोटा प्रोग्राम. त्याच्या पर्यायांची माहिती देणाऱ्या पानाचा तुमचा मसुदा वाचला. मेहनत दिसते, पण प्रत्येक पर्यायापुढे त्याच्याच नावाचा अर्थ लिहून तुम्ही थांबलात. ‘नो-वेट : वाट पाहत नाही’ एवढ्याने वाचणाऱ्याच्या हाती काय लागलं? कोण, कशाची वाट पाहत नाही, ते लिहा. ईमॅक्सक्लायंट फाइल चालू सर्व्हरकडे, म्हणजे आधीच चालू असलेल्या ईमॅक्सकडे, सोपवतो आणि काम संपल्याचं तुम्ही कंट्रोल-एक्स, मग हॅश दाबून कळवेपर्यंत थांबून राहतो. नो-वेट दिला की तो लगेच परततो. म्हणूनच गिटचा (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाचा) एडिटर ठरवताना हा पर्याय लावू नये. तुम्ही बदलांविषयीचा संदेश लिहायच्या आधीच गिट रिकामा संदेश वाचतं आणि कमिट, म्हणजे त्या बदलांची नोंद, रद्द होतं. हा इशारा तिथल्या तिथेच हवा, पानाच्या तळाशी नको.

ऑल्टरनेट-एडिटरलाही ऐसपैस जागा द्या. सर्व्हर सापडला नाही तर कोणता एडिटर उघडायचा, ते तो सांगतो. पण त्याला रिकामी स्ट्रिंग दिली तर ईमॅक्स डीमन (पार्श्वभूमीत चालणारा ईमॅक्स सर्व्हर) सुरू होतो आणि क्लायंट पुन्हा जोडणीचा प्रयत्न करतो. हे नावावरून कुणालाच उमगणार नाही.

क्रिएट-फ्रेम आणि टीटीवाय एकेका ओळीत उरकतील: पहिला नवी फ्रेम (ईमॅक्सची नवी खिडकी) उघडतो, दुसरा चालू टर्मिनलमध्येच. आणि उदाहरणातली प्रत्येक कमांड स्वतः चालवून पाहिल्याशिवाय लिहू नका.